पाखरांची खानेसुमारी

माणसांची खानेसुमारी दहा वर्षांतून एकदा करावयाची आणि तीसाठी शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सर्वांना कामास जुंपावयाचे, हा सरकारचा शिरस्ता आपल्या परिचयाचा आहे. परंतु जे रहिवासी कायमचा पत्ता ठेवीत नाहीत, गावाची हद्द जुमानीत नाहीत आणि विचारपूस करावयास जवळ जावे तो उडून जातात, त्यांची मोजदाद कोणी आणि कशी करावी, हा प्रश्न कोणत्याही एका खात्याच्या आवाक्यातला नव्हे. साऱ्या देशातील पक्षिशास्त्रज्ञ एकत्र केले, तरी एकाच सकाळी गडचिरोलीच्या सागवानात, कोल्हापूरच्या रंकाळ्यावर, जालन्याच्या माळावर आणि गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत हजर राहणे त्यांना शक्य नाही. तेथे आधीपासूनच हजर असलेला इसम म्हणजे तुम्ही-आम्ही. आणि सामान्य माणसाच्या या हजेरीचा शास्त्राच्या कामी उपयोग करून घेण्याची जी पद्धत गेल्या शतकात रूढ झाली, तिला नागरिक-विज्ञान असे म्हणतात. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यास, शुक्रवार ते सोमवार अशा चार दिवसांत, 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या नावाने जगभर जी पक्षिगणना होते, ती या पद्धतीचे सर्वांत सुलभ रूप होय, आणि तीत प्रथमच भाग घेऊ इच्छिणाऱ्या वाचकासाठी हा लेख आहे.

या गणनेची कुळकथा रंजक आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नाताळच्या दिवशी दोन तट पाडून रानात शिरावे, दिसेल त्या पाखरावर बार काढावा आणि संध्याकाळी ज्या तटाचा ढीग मोठा तो विजयी ठरवावा, अशी एक चाल होती. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने १९०० साली असे सुचवले की, चढाओढ करावयाचीच असेल तर ती मोजण्यात करावी, मारण्यात करू नये; आणि त्या नाताळात अवघ्या २७ माणसांनी बंदूक घरी ठेवून वही हाती घेतली. ती नाताळची गणना आजतागायत अखंड चालू आहे. फेब्रुवारीची गणना त्या मानाने कालची. ती कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी १९९८ साली सुरू केली, आणि भारत तीत २०१३ पासून सामील झाला. आपल्याकडे त्याआधी काहीच नव्हते असे मात्र नाही. जानेवारीत तळी आणि धरणे यांवर होणारी पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासूनची आहे, आणि हिवाळी पाहुणे केव्हा आले व केव्हा परतले एवढेच टिपून ठेवणारा 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम २००७ साली येथेच जन्मला. मृगाच्या आगेमागे आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येणारा चातक कोणत्या गावी प्रथम कोणत्या तारखेस दिसला, याचा तपशील सामान्य लोकांकडून मागवून त्या उपक्रमाने पावसाच्या वाटचालीशी ताडून पाहिला. आपल्या कवींनी ज्या पाखरावर शतकानुशतके कल्पना लढवल्या, त्याच्या आगमनाच्या तारखा मात्र कोणी मांडून ठेवल्या नव्हत्या, ही गोष्ट मला नेहमीच मौजेची वाटत आली आहे.

नवख्या मनुष्याची पहिली धास्ती साधनांविषयी असते आणि ती बहुतांशी अनाठायी असते. दुर्बीण असल्यास उत्तम. ती घ्यावयाची झाल्यास तिच्यावर ८ × ४२ असे आकडे असलेली घ्यावी, म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, पुढील भिंग ४२ मिलिमीटरचे असल्याने पहाटेच्या अंधुक उजेडातही पुरेसा प्रकाश आत येतो आणि हात थोडा कापला तरी पाखरू नजरेतून निसटत नाही. अधिक पटीच्या दुर्बिणीचा मोह नवशिक्याने टाळावा. परंतु दुर्बीण नाही म्हणून कोणी मागे राहण्याचे कारण नाही. कावळा, साळुंकी, दयाळ, भारद्वाज, वेडा राघू, खंड्या, कोतवाल ही मंडळी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात, आणि तांबट तर पाहावाही लागत नाही, त्याचा टुक् टुक् ऐकला की हजेरी लागली. खिशात मावेल अशी वही, शिसपेन्सिल, घड्याळ, आणि सायंकाळी नोंद भरण्यासाठी 'ई-बर्ड' हे मोबाइलवरील विनामूल्य साधन, एवढ्यावर काम भागते. या साधनात पक्ष्यांची नावे मराठीत पाहण्याची सोय आहे, ती प्रथमच निवडून ठेवावी. आपल्या देशात या सर्व खटाटोपाचा समन्वय 'बर्ड काउंट इंडिया' हा संस्था आणि गट यांचा समूह करतो, आणि बहुतेक जिल्ह्यांत पक्षिमित्रांची एखादी मंडळी असते. पहिल्या सकाळी अशा एखाद्या जाणत्यासोबत जावे, म्हणजे चार पुस्तकांचे काम एका फेरीत होते.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. घराची गच्ची, शाळेचे मैदान, नदीचा घाट, शेताचा बांध यांपैकी कोणतीही जागा निवडावी, सुरुवातीची वेळ लिहावी, आणि किमान १५ मिनिटे एकाच ठिकाणी थांबून किंवा सावकाश चालत, दिसेल व ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी आणि त्याची संख्या लिहीत जावी. चालणार असाल तर किती अंतर चाललात तेही मांडावे. दिवसभर भटकून रात्री एकच लांबलचक यादी करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण सकाळी नदीवर आणि दुपारी डोंगरावर पाहिलेली पाखरे एका यादीत घातली की कोणते कोठले हे पुढे कोणालाही सांगता येत नाही. जागा बदलली की यादी बदलावी. तासाच्या आतली आणि दोन-तीन किलोमीटरच्या आतली यादी अभ्यासकाला सर्वांत उपयोगी पडते. चौघेजण बरोबर गेले असल्यास चौघांनी निरनिराळ्या याद्या भरू नयेत; एकाने भरावी आणि इतरांना तीत सामील करून घ्यावे, एरवी एकाच तळ्यावरील दहा बदके दप्तरी चाळीस होतात.

यादी दाखल करतेवेळी एक प्रश्न विचारला जातो, आणि माझ्या मते या साऱ्या उपक्रमाचा प्राण त्या एका प्रश्नात आहे. जे जे पक्षी तुम्हांस ओळखता आले, त्या सर्वांची ही संपूर्ण यादी आहे काय, असा तो प्रश्न. पुष्कळ हौशी मंडळी दुर्मीळ ते लिहितात आणि नेहमीचे गाळतात. कावळा काय लिहावयाचा, तो तर रोजच दिसतो, असे त्यांचे म्हणणे असते. हे म्हणजे गुरुजींनी हजेरीपटावर फक्त बक्षीस मिळवणाऱ्या मुलांची नावे लिहावीत आणि वर्षअखेर शाळेचा पट काढावयास बसावे, त्यातलाच प्रकार होय. यादी संपूर्ण असेल, तर तीत जे नाव आहे त्याप्रमाणेच जे नाही तेही बोलते. एखाद्या तालुक्यातून आलेल्या शंभर संपूर्ण याद्यांपैकी साठांत चिमणी आहे आणि दहा वर्षांनी तेथल्याच शंभरांपैकी तिसांत आहे, एवढ्यावरून अभ्यासकाला चिमणीच्या स्थितीविषयी काही विधान करता येते. जेथे गाळागाळ आहे, तेथे पक्षी नव्हता की लिहिणाऱ्याला त्याचे अप्रूप नव्हते, हे कळण्यास मार्ग राहत नाही. म्हणून जिच्यात काही गाळले आहे त्या यादीस 'संपूर्ण नाही' असे प्रामाणिकपणे सांगावे, पण शक्यतो अशी यादी करूच नये.

ही सूचना शास्त्रीय सोवळेपणाची नाही, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. चिमण्या नाहीशा झाल्या, अशी हळहळ गेली वीस-पंचवीस वर्षे वृत्तपत्रांतून व्यक्त होत असते. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला, तो १५ हजारांहून अधिक नागरिकांनी केलेल्या एक कोटीवर नोंदींच्या आधारे तयार केलेला होता, आणि त्यात असे आढळले की देशाचा एकंदर विचार करता चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, घट आहे ती मुंबईसारख्या महानगरांतून. लोकांची हळहळ खोटी नव्हती; ती शहरातल्या खिडकीतून पाहिलेली होती, इतकेच. याउलट नीलपंखाची गोष्ट. आपल्याकडे काही ठिकाणी चास किंवा तास म्हणून ओळखला जाणारा, विजयादशमीस ज्याचे दर्शन शुभ मानतात तो हा निळ्या पंखांचा पक्षी तारेवर बसलेला इतक्यांदा दिसे की त्याच्याविषयी कोणी चिंता केल्याचे ऐकिवात नव्हते. २०२३ च्या अहवालाने, ज्यात ३० हजारांवर निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी आणि ९४२ जाती विचारात घेतल्या होत्या, असे दाखवले की अलीकडच्या सुमारे बारा वर्षांत त्याची संख्या ३० टक्क्यांच्या आसपास घटली आहे. जो पक्षी ठिकठिकाणी रोज दिसतो, तो थोडाथोडा कमी होऊ लागला तर एकेकट्या माणसाच्या डोळ्यांस ते जाणवत नाही. ज्यांनी तारेवरच्या नीलपंखाची क्षुल्लक नोंद न कंटाळता केली, त्यांच्याच वह्यांतून ही गोष्ट उघडकीस आली.

संख्येविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण भल्याभल्यांचा धीर तेथे सुटतो. पाच बुलबुल मोजणे कठीण नाही. परंतु हिवाळ्यात ज्वारीच्या शिवारावरून संध्याकाळी रातथाऱ्याकडे परतणारे भोरड्यांचे थवे, किंवा भिगवणच्या पाणथळीत उभे असलेले रोहित, यांची मोजणी एकेक करून होत नाही. अशा वेळी थव्याच्या एका कडेची दहा पाखरे नीट मोजावीत, तेवढ्या दहांनी डोळ्यांपुढची किती जागा व्यापली ते मनाशी धरावे, आणि तेवढ्या मापाने उरलेला थवा मापीत जावे. थवा फार मोठा असेल तर दहाचे माप शंभराचे करावे. येणारा आकडा अंदाजी असतो, पण 'पुष्कळ' या शब्दापेक्षा तो शतपटीने बरा, कारण पुष्कळ म्हणजे कोणाला चाळीस आणि कोणाला चार हजार. तेच पाखरू जाऊन परत आले असा संशय असेल तर ते एकदाच धरावे. मोजणे केवळ अशक्यच झाले, तर आकड्याच्या जागी फुली टाकण्याची सवलत आहे; ती असूनही शक्यतो वापरू नये, असा माझा आग्रह आहे.

ओळख पटवण्याच्या कामी घाई हा शत्रू. आरंभ कावळ्यापासूनच करावा: ज्याची मान राखी तो गावकावळा, आणि जो सर्वांगी काळा, जाड चोचीचा आणि घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. मग बगळे घ्यावेत. छोट्या बगळ्याची चोच काळी आणि पायाचे पंजे पिवळे असतात, तर गायबगळ्याची चोच पिवळी असते, हे एकदा लक्षात आले की चिखलात उभा असलेला प्रत्येक पांढरा पक्षी एकच नव्हे हे कळते. बुलबुलांत लालबुड्या कोणता आणि डोक्यावर टोकदार तुरा मिरवणारा शिपाई कोणता, हेही दोन सकाळींत साध्य होते. पानांआड चुळबुळ करणारे हिवाळी वटवटे मात्र अनुभवी माणसालाही घाम फोडतात. तेथे जातीचे नाव ठामपणे न देता नुसते 'वटवट्या' एवढेच नोंदवण्याची सोय आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. आवाज ऐकून नाव सुचवणारी साधने आता मोबाइलवर आली आहेत. त्यांची सूचना ही सूचना समजावी, तिला दाखला समजू नये. भृंगराज हा नकलाकार शिक्र्यापासून इतर अनेक पक्ष्यांपर्यंत हुबेहूब आवाज काढतो, आणि त्याच्या एकट्याच्या करामतीवर विसंबून चार जाती दप्तरी लागण्याचा संभव असतो. डोळ्यांनी पाहिले नाही आणि कानाची खात्री नाही, ते लिहू नये.

खोटी नोंद किती काळ नडते, याचा दाखला आपल्याच मुलखातला आहे. रानपिंगळा हा ठेंगणा, दिवसाउजेडी हिंडणारा घुबडवर्गीय पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात शास्त्राला ज्ञात झाला, आणि पुढे खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन नामक मुलकी अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने जमवले. १८८४ नंतर तो कोणासच सापडला नाही. अपवाद एका नोंदीचा. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीनजीक एक रानपिंगळा मिळवला असे लिहून ठेवले होते, आणि त्याच्या लौकिकाकडे पाहून कोणी शंका घेतली नव्हती. थोरथोर पक्षितज्ज्ञांनी शोध घेऊन हात टेकले, पक्षी नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. पुढे पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयातील तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा असे निष्पन्न झाले की, तो डेव्हिडसनने जमवलेल्या नमुन्यांपैकीच एक होता. तो चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी जोडण्यात आली होती. मग त्या चिठ्ठीचा नाद सोडून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांचा माग काढीत मंडळी निघाली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी रानपिंगळा सकाळच्या उन्हात निवांत बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांचा हा वनवास केवळ त्या एका लबाडीमुळे घडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु शोध भलत्या दिशेस वळवण्याचे काम तिने चोख केले. आपली चूक लबाडीची नसेल, उत्साहाची असेल. दप्तराच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही.

याच कारणास्तव, तुमच्या यादीत एखादे अनपेक्षित नाव किंवा अवाजवी आकडा आला की, त्या भागाचा माहितगार असा एक स्वयंसेवक परीक्षक तुम्हांस पत्र धाडून तपशील विचारतो. पुष्कळांस हा अपमान वाटतो. वस्तुतः तो विनावेतन काम करणारा मनुष्य रुजवात घालू पाहत असतो, आणि त्याला हवे असते ते एवढेच: आकार केवढा, चोच कशी, शेपूट उडताना कशी दिसली, आवाज काय, अंतर किती, उजेड कसा. छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण असल्यास काम सोपे होते. म्हणून अपूर्व काही दिसले तर प्रथम ही लक्षणे जागच्या जागी वहीत उतरवावीत आणि मग पुस्तक उघडावे. क्रम उलटा झाला की पुस्तकातले चित्रच आठवणीत शिरते.

जागेची नोंद अचूक असावी, तालुक्याचे नाव पुरेसे नाही. मात्र येथे एक विवेक पाळावयाचा आहे. घरट्याचा ठावठिकाणा, विशेषतः गरुड, घुबड, माळढोक यांसारख्यांचा, चारचौघांत सांगू नये आणि त्याची छायाचित्रे मिरवू नयेत. काही अतिसंवेदनशील जातींची जागा ई-बर्ड स्वतःच झाकून ठेवते, ती आपण दुसरीकडे उघडी करणे हे घर दाखवून चोर बोलावण्यासारखे आहे. पाखरू बाहेर यावे म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवण्याची जी खोड अलीकडे बळावली आहे, ती सर्वस्वी वर्ज्य मानावी, कारण विणीच्या दिवसांत तो पक्षी प्रतिस्पर्धी आला असे समजून अंडी-पिल्ले सोडून धावतो. भडक कपडे नकोत, अंगावर दरवळणारे अत्तर चालेल पण मोठ्याने बोलणे चालणार नाही, आणि दुसऱ्याच्या शेतात शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. तो बहुधा देतो, शिवाय त्याच्या बांधावर काय काय येते तेही सांगतो. त्याने सांगितलेली स्थानिक नावे वहीच्या समासात लिहून ठेवावीत. मारुती चितमपल्ली यांनी अरण्यात नोकरी करता करता आदिवासींकडून अशी नावे गोळा केली आणि त्यांतून 'पक्षिकोश' उभा राहिला.

येथे एका प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवतो, कारण तो हमखास विचारला जातो. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री ताडोबात वा मेळघाटात पाणवठ्याशेजारी मचाणावर बसून जनावरे मोजतात, त्यात भाग घ्यावा काय? अवश्य घ्यावा, चांदण्यातले रान ज्याने पाहिले नाही त्याने एकदा तरी पाहावे. पण ते मोजदादीसाठी म्हणून करू नये. वाघांची गणना आता आपोआप छायाचित्रे टिपणाऱ्या यंत्रांनी आणि आखीव पद्धतीने होते, आणि वन खातेही त्या रात्रीस निसर्गानुभव असेच म्हणू लागले आहे. रात्रभर जागून पाहिलेल्या एका अस्वलापेक्षा, तुमच्या गच्चीवरून दर रविवारी केलेल्या पंधरा मिनिटांच्या बावन्न याद्या शास्त्राला अधिक मोलाच्या आहेत. हे ऐकून उत्साही तरुणांची निराशा होते, त्यास माझा इलाज नाही.

वर्षाचे कालमान साधारण असे धरावे: नोव्हेंबरच्या ५ तारखेस चितमपल्लींचा आणि १२ तारखेस सालिम अलींचा जन्मदिन, म्हणून ते दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात आणि तोवर धोबी, वटवटे, भोरड्या येऊन पोहोचलेल्या असतात, तेव्हा डोळा तयार करावा; जानेवारीत नांदूर मधमेश्वर, जायकवाडी अथवा गावचा पाझर तलाव येथे पाणपक्ष्यांच्या गणनेस जावे; फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक गणना; आणि मे-जूनमध्ये चातकाची पहिली तारीख टिपण्यासाठी कान उघडे ठेवावेत. ज्यांस पाखरांपेक्षा झाडांत गोडी आहे त्यांच्यासाठी 'सीझनवॉच' आहे, त्यात एकच झाड वर्षभर पाहून त्याचा मोहर, पालवी आणि फळे आठवड्याच्या आठवड्यास कळवावयाची असतात. आणि फुलपाखरे, सरडे, कोळी यांची छायाचित्रे 'आय-नॅचरलिस्ट'वर धाडता येतात.

सरतेशेवटी, ज्यांच्या घरी वडिलांच्या अथवा स्वतःच्या जुन्या निरीक्षणवह्या पडून आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. ई-बर्डवर मागील तारखांच्या याद्याही भरता येतात, आणि पूर्वीची अवस्था सांगणाऱ्या नोंदींची आपल्याकडे फार वाण आहे. ज्या पानावर तारीख, जागा आणि पक्ष्यांची नावे स्पष्ट आहेत ते पान भरावे; वेळ लिहिलेली नसेल तर ती कल्पनेने घालू नये, वेळ नसलेली नोंद म्हणूनच ती दाखल करावी. संख्या नसेल तेथे, आणि फक्त तेथेच, फुलीची सवलत खुशाल घ्यावी. ज्या पानावर तारीखच नाही, ते मात्र वहीतच राहू द्यावे.